चुना चाचांचा, नंबर माझे

रिटायर झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघितला आणि सांगितलं, रोज तासभर चाला, नाहीतर गोळ्या वाढवाव्या लागतील. तीस वर्षं मी मोजणी खात्यात शेतं मोजत हिंडलो होतो. आपल्याला कुणी चालायला शिकवतंय, याचा मला रागच आला. पण बायको शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती, म्हणून मुकाट्यानं मान डोलावली.

आधी आमच्या पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत चालून बघितलं. तिथं कुत्री तरी मागं लागतात, नाहीतर ओळखीचे लोक चहाला ओढतात. दोन्हींत चालणं राहून जातं. मग कुणीतरी सांगितलं, शहराच्या कडेच्या सातारा गावाच्या (जिल्ह्याचा सातारा नव्हे) मागच्या डोंगरात चांगल्या पायवाटा आहेत. एका सकाळी गावाच्या टोकाला स्कूटर लावली आणि चढायला लागलो. वाट वळणावळणानं वर जात होती. एवढे वळसे घ्यायला आपण काय लग्नाच्या वरातीत आहोत, असं म्हणत मी दोन वळणांच्या मधून सरळ चढलो. वर पोचतो न पोचतो तोच आवाज आला.

"साहेब, खाली जावा अन् वाटेनं वर या."

समोर एक उंच, सुकलेला म्हातारा उभा होता. डोक्याला रुमाल, खांद्यावर पावडं, पायात टायरच्या चपला. मी विचारलं, काय बिघडलं?

"आज तुम्ही चढले, उद्या तुमच्या मागं चार जन चढतील. मग पावसाचं पानी त्याच रेघेनं खाली येईल अन् माझी वाट फुटंल."

"तुमची वाट?"

"हौ. सांभाळतो ना मी."

कुठली जमीन कुणाची, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. ही वाट कुठल्या गटात, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण तो माणूस भांडत नव्हता. मी खाली कधी जातो, याची तो शांतपणे वाट बघत होता. मी खाली गेलो आणि वळणं घेत परत वर आलो.

त्यांना सगळे चाचा म्हणत. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते, म्हणजे रस्त्याचा एक ठरलेला तुकडा आयुष्यभर त्यांच्या अंगावर होता. खड्डे भरायचे, मोऱ्या साफ ठेवायच्या, कडेच्या पट्टीला मुरूम टाकायचा आणि वर्षातून एकदा मैलाच्या दगडांना चुना मारायचा. रिटायर झाल्यावर सवयीप्रमाणे ते सकाळी पावडं घेऊन बाहेर पडले आणि थेट या डोंगरात आले. त्यांचे वडील पिंजारी होते. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरची काही वर्षं, गावोगाव एस.टी. पोचेपर्यंत, कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून ते याच वाटांनी खेडी करायचे आणि लहानगे चाचा त्यांच्या मागं चालायचे. पुढं गाड्या आल्या, वाटा घाणेरीच्या झुडपांत बुडाल्या. चाचांनी त्या एकेक करून बाहेर काढल्या.

त्यांचं काम मी पहिल्यांदा नीट बघितलं त्या दिवशी मी चालायचं विसरून तिथंच बसलो. उतारावर उभं राहून त्यांनी बाटलीतलं प्यायचं पाणी वाटेवर ओतलं आणि उकिडवे बसून ते कुठं जातंय ते बघत राहिले. पाणी जिथं रेंगाळलं आणि मग कडेला वळलं, तिथं त्यांनी पावड्याच्या टोकानं रेघ ओढली. त्या रेघेवर तिरपा चर खणला, चराच्या खालच्या अंगाला दगड बसवले. दगड बसवला की त्यावर उभं राहून अंग हलवायचं. दगड जरा जरी डुगडुगला तरी काढून पुन्हा बसवायचा. एकेका दगडाला पाऊण तास. मी दुर्बिणी आणि पट्ट्या लावून लेव्हल काढणारा माणूस, पण उतार असा कधी वाचला नव्हता. त्यांच्या चराजवळची वाट चार पावसाळे मी बघितली. तसूभर हलली नाही.

माणसं जोडायची त्यांची रीतही न्यारीच होती. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी मुरमाचा ढीग करून ठेवला होता आणि बाजूच्या कडुलिंबाला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या अडकवलेल्या. वर जाणाऱ्यानं पिशवीभर मुरूम भरायचा आणि चाचा सांगतील त्या खड्ड्यात ओतायचा. वर्गणी नाही, फॉर्म नाही, सभासद नाही. शहरातले मोठमोठे डॉक्टर आणि बँकेतले रिटायर साहेब दुधाच्या पिशवीत मुरूम घेऊन धापा टाकत चढताना मी बघितले आहेत. एकदा खड्ड्यात मुरूम ओतला की माणूस त्या खड्ड्याला विसरत नाही. पाऊस पडून गेला की आपला मुरूम राहिला का, हे बघायला तो पुन्हा येतो. मीही तसाच अडकलो.

चाचांची एकच इच्छा होती. डोंगरात चार वाटा होत्या, पण त्या सुट्या होत्या. त्या जोडून एक फेरा व्हावा. गावापासून निघावं, धारेवरून पैठण रोडच्या बाजूला उतरावं आणि गाडीरस्त्यावर पाय न ठेवता दुसऱ्या वाटेनं परत यावं. "सारी उमर गाड्यांचा रस्ता सांभाळला साहेब," ते म्हणायचे, "एक तरी चालनाऱ्याचा पुरा व्हावा. गुडघे हायेत तवर."

फेऱ्यातला एकच दुवा डोंगरावर नव्हता. तो पायथ्याच्या एका शेताच्या बांधावरून जायचा. शेत एका बाईंचं होतं, साठीच्या आसपासच्या. त्यांना आम्ही आक्का म्हणायचो. मुलगा वाळूजच्या कंपनीत, त्या एकट्या शेत बघायच्या. बांधावर सीताफळाची झाडं होती. चाचांनी विचारल्यावर त्यांनी दोनच अटी घातल्या: सीताफळाला हात लावायचा नाही, आणि शेळ्या आत शिरू नयेत म्हणून काट्याचं फाटक मागं लावून घ्यायचं. चाचांनी आपणहून तिसरं काम केलं. डोंगराचं पाणी आक्कांचा बांध कापत होतं, ते चर काढून नाल्याकडं वळवलं. अशा रीतीनं फेरा पुरा झाला. त्या सकाळी चाचा एक अख्खा फेरा मारून आले, लिंबाखाली बसले आणि बराच वेळ नुसते गालात हसत राहिले.

इथं माझी हौस जागी झाली. एवढी देखणी गोष्ट आणि शहरातल्या लोकांना पत्ता नाही, हे मला बघवेना. मी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढला, झेरॉक्स मारून आणल्या आणि मेडिकलवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत चिकटवत सुटलो. रविवारी लोक येऊ लागले. पण नकाशा वाचणं म्हणजे काही लग्नपत्रिका वाचणं नव्हे. दोन बहिणी चुकून दगडाच्या खाणीत उतरल्या आणि दुपारपर्यंत तिथंच बसून राहिल्या. वाटेला खुणा पाहिजेत, असं ठरलं.

रंग कुठला, यावर लिंबाखाली बैठक झाली. कुणी शेंदरी म्हणालं. चाचा म्हणाले, "नक्को. चार दिवसांत नारळ फुटंल, मग तो दगड हलवायची कुनाची छाती व्हईल?" कुणी हिरवा म्हणालं. "त्याच्यावर चादर चढंल," चाचा म्हणाले. सगळे हसले. चाचांनी चुना सुचवला. त्यांनी जन्मभर दगडांना चुनाच मारलेला. मला तो लगेच पटला, कारण पांढऱ्यावर लाल आकडा झकास उठून दिसतो आणि आकडे घालायला माझे हात शिवशिवत होते.

आठवडाभर आम्ही दोघं राबलो. चाचा पुढं, हातात चुन्याची बादली. मी मागं लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन. प्रत्येक वळणावर गुडघाभर दगड पुरायचा, पांढरा करायचा, त्यावर आकडा आणि बाण. आक्कांच्या बांधावर चार दगड आले. त्या दिवशी त्या मुलाकडं गेलेल्या होत्या, पण परवानगी तर होतीच. काम संपल्यावर मी मागं वळून बघितलं आणि मला फार समाधान वाटलं. दगड अगदी नियमात बसले होते. कुठल्या नियमात, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी वीसेक लोक घेऊन आम्ही बांधाशी पोचलो तर वाट बंद. बाभळीच्या फांद्या छातीएवढ्या रचलेल्या. पलीकडं आमचे चारही दगड उपटून एकावर एक टाकलेले, आणि शेजारी आक्का उभ्या.

"चाचा, तुम्ही सुदिक?" त्या म्हणाल्या.

चाचांना काही कळेना. "काय झालं आक्का?"

"पहिले दगड येतेत. मग नोटीस येती. मग मशीन येतं. मला काय नवं हाय का हे?" मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "अन् यांना तर मी आता वळखलं. तुमच्या मागं टोपी घालून हिंडायचे, म्हनून ध्यानात नाय आलं. हा सात बघून आलं."

ढिगातला वरचा दगड सातव्या क्रमांकाचा होता. मी सात काढताना शेपूट लांब ओढतो, हाताला लागलेली सवय. आक्कांनी शेताच्या खालच्या टोकाकडं हात केला. तिथं नव्या रस्त्याच्या कडेला एक जुना हद्दीचा दगड होता. रंग उडालेला, पण सात शाबूत होता, आणि त्याचं शेपूट माझंच होतं.

"रस्त्यात आर्धं शेत गेलं तवा तुम्हीच व्हते मोजायला. उन्हाचं पानी आनून दिलं, ते बी प्याले नाय. मी इचारलं, साहेब, माझं आता किती ऱ्हायलं? तुम्ही म्हनले, नोटिशीत येईल. अन् जीपमधी जाऊन बसले."

वीस लोक माझ्याकडं बघत होते. मला त्या बाई आठवत नव्हत्या, पाणी आठवत नव्हतं, ते शेतही आठवत नव्हतं. जीप तेवढी आठवली, कारण त्या काळात पुढच्या गावाच्या घाईनं जीप रोजच हॉर्न वाजवायची.

मी शरमलो, आणि शरमलेला माणूस करतो तेच केलं. रागावलो. परत जाताना चाचांना म्हणालो, वहिवाटीची वाट अशी अडवता येत नाही, तहसीलला अर्ज टाकला तर महिन्यात मोकळी होईल, अर्ज कसा लिहायचा ते मला चांगलं ठाऊक आहे.

"टाका अर्ज," चाचा म्हणाले. "पन मी त्या वाटेनं चालनार नाय."

लिंबाखाली पोचल्यावर ते म्हणाले, "चुना माझा, नंबर तुमचे. दोघांनी मिळून काढायचं."

काढायचं म्हणजे फक्त त्या बांधावरचं नाही. सगळ्या डोंगरातलं. चाचांचं म्हणणं, पायथ्याला आणखी शेतं आहेत, आणखी कुणाची झोप उडाली असेल, आपल्याला काय माहीत. तारेचा ब्रश, रॉकेल आणि पाण्याचे कॅन घेऊन आम्ही महिनाभर दगड घासत होतो. काळ्या दगडाच्या छिद्रांत बसलेला चुना सहजासहजी निघत नाही. ज्या दगडाचा चुना अगदीच निघेना तो चाचा उपटून, उलटा करून परत पुरायचे. रविवारचे लोक कुरकुरले, चांगलं दिसत होतं की म्हणाले. चाचा घासत राहिले, पण कुणापुढं आक्कांचा विषय काढला नाही. मला मात्र सात असलेला आकडा घासताना दर वेळी ती बाई आणि तिचा पाण्याचा तांब्या दिसायचा.

फेरा तुटला तो तुटलाच. खाणीच्या अंगानं लांबचा वळसा होता, पण तिथला उतार वाईट. चाचा तो तिरपे होऊन, एकेक पाय टाकत उतरायचे आणि खाली आल्यावर कितीतरी वेळ गुडघा धरून बसायचे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मात्र त्यांनी एक गोष्ट केली. बाभळीच्या फांद्यांच्या बाहेरून, आक्कांच्या शेतात पाऊल न टाकता, त्यांनी बांधाकडचा चर साफ केला. मी म्हणालो, वाट बंद आहे, आता हा चर कशाला?

"वाट बंद हाय. पानी थोडीच बंद हाय?"

मी आयुष्यात खूप साहेब बघितले. हुकूम देणारे, शिस्तीचे, अभ्यासू. पण मनानं इतका मोठा माणूस त्यांच्यात मी बघितला नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते इथं लिहून टाकतो.

पाऊस उघडल्यावर मी एकटाच आक्कांकडं गेलो. पिशवीत टेप, जुन्या गटनकाशाची नक्कल आणि चार बांबूच्या काठ्या होत्या. त्या ओट्यावर धान्य निवडत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले.

मी म्हणालो, "आक्का, तुम्ही तेव्हा विचारलं होतं, माझं किती राहिलं. त्याचं उत्तर द्यायला आलोय."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मी सगळं प्यालो.

दोघांनी मिळून शेत मोजलं. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक हावरी आशा होती, की तेव्हा काही चूक झाली असेल, दोन-चार गुंठे तरी त्यांच्या बाजूनं निघतील, आणि मी मोठ्या तोऱ्यात ते त्यांना परत देईन. पण मोजणी बरोबर होती. गेलं ते गेलं होतं. माझा दगड जिथं पाहिजे तिथंच होता.

तसं मी सांगितलं. लपवलं नाही. मग त्यांना घेऊन हद्दीवरून चाललो. हे तुमचं, इथपर्यंत. हे सीताफळ तुमचं, हा लिंब शेजाऱ्यांचा. नाल्याच्या या काठापर्यंत तुमचं. एक एकर आठ गुंठे. त्या माझ्या मागून चालत होत्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून पायानं माती दाबून बघत होत्या. इतकी वर्षं त्या खालच्या कडेला पेरतच नव्हत्या, आपलं नसेल तर, या भीतीनं. ती नांगराच्या दोन तासांची पट्टी त्यांचीच होती. ते कळल्यावर त्या बांधावर खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "एवढं तवाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो?"

चुकलं माझं, एवढंच म्हणालो. हे वाक्य नोकरीत मी एकदाही म्हटलेलं नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "चाचांचे गुडघे कसे हायेत?"

"खाणीच्या उतारानं दुखतात."

"त्यांना म्हनाव, उद्या इकडून या. अन् येताना चुन्याची बादली आना."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर बाभळीच्या फांद्या बाजूला ओढून ठेवलेल्या होत्या. आक्कांनी चाचांना पुढं चालायला सांगितलं. चाचा पावलं मोजल्यासारखे बांधावरून सावकाश गेले, मधे थांबून चरात बोट घालून पाणी कुठं साचलंय का ते बघितलं, आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. फेरा पुन्हा जोडला गेला होता.

मग आक्का शेताच्या खालच्या कडेला गेल्या, त्या जुन्या हद्दीच्या दगडाशी. आमच्या वाटेचं वळणही नेमकं तिथंच लागतं. "लोकांना निशानी पाहिजे ना वळायला? ही घ्या," म्हणून त्यांनी कुंचा चुन्यात बुडवला आणि माझ्या सातावर फिरवला. एक हात, दुसरा हात, तिसरा. शेपूट सगळ्यात शेवटी गेलं. सगळ्या डोंगरात आता तेवढाच एक दगड पांढरा आहे. माझ्या नकाशाच्या नव्या झेरॉक्सवर तिथं लिहिलंय, पांढऱ्या दगडाशी डावीकडं वळा, फाटक लावून घ्या.

हद्दीच्या दगडावरचा नंबर पुसणं हा गुन्हा आहे. तीस वर्षं गावोगाव मी हेच बजावत आलो. त्या सकाळी चाचांचा गुडघा दुखत होता, म्हणून बादली मी धरली होती.